धान नको, पोट्टा द्या

माणसं मागून आणणारा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही बाकीचे मास्तर समोर आलेल्यांना शिकवतो, न आलेल्यांची गैरहजेरी मांडतो आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी जातो. दादाराव शेंडे सर न आलेल्यांच्या घरी जात. ज्यांनी कारखान्याचं धुराडंसुद्धा लांबूनच पाहिलेलं, अशा जंगलातल्या लोकांच्या दारात जाऊन उभे राहत आणि म्हणत, तुमचा पोरगा द्या, मी त्याला लेथ शिकवतो. या मागण्यानं कितीतरी घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार आला, ते मी पाहिलं आहे. याच मागण्यानं सर मोडले, तेही मीच पाहिलं.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि मी भंडाऱ्याहून तिथल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवायला गेले. शहराचं तेव्हा लग्नघर झालेलं. जुन्या पाट्यांवर नवे रंग, कालच्या गोदामात आज कुठलंसं संचालनालय, आणि कुणाची खुर्ची कुठे हे खुद्द खुर्चीवाल्यालाही ठाऊक नाही. संस्थेत लेथच्या यंत्रावर लोखंड कातायला शिकवणारा टर्नर विभाग शेंडे सरांकडे होता. वडील रेल्वेत, मूळचे नागपूरकडचे. सर मात्र जन्मले-वाढले रायपूरच्याच बूढापारा मोहल्ल्यात. मला खोली मिळाली तीही त्यांच्याच गल्लीत, समोरच्या माडीवर. त्यामुळे दिवसा सहकारी आणि संध्याकाळी शेजारी अशी त्यांची दुहेरी संगत माझ्या वाट्याला आली.

पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरल्या त्या त्यांच्या बाह्या. कोपराच्या वर संपलेल्या. थंडीत रायपुरातही हुडहुडी भरते, पण सर अर्ध्या बाह्यांत. मनगटावर घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, हाताला दोरा नाही. घड्याळ खिशात.

"फिरत्या मशीनीले सैल काही दाखवायचं नाही, मॅडम," ते म्हणाले. "ते बाही पकडते. बाहीत हात आहे हे तिले कोण सांगन?"

मुलीच्या लग्नासाठी शेंडेकाकूंनी हौसेनं त्यांना रेशमी कुर्ता शिवून घेतला, तर लग्नाच्या सकाळी नवरीचे वडील कात्री घेऊन मोरीत. व्याह्यांच्या पुढे अर्ध्या बाह्यांचा रेशमी कुर्ता घालून दिवसभर मिरवले. काकूंनी त्यानंतर अबोला धरला होता, तो सरांच्या लक्षात यायलाच बरेच दिवस लागले.

दुसरी खोड हात पाहण्याची. बसमध्ये, चहाच्या टपरीवर, देवळाच्या रांगेत, कुठेही तरुण मुलगा किंवा मुलगी दिसली की सर सरळ त्यांचा हात धरून उलटा करत आणि तळवा बघत. रेषा नाही, घट्टे. कुठल्या बोटाला घट्टा आहे, अंगठा किती वळतो, बोटांची टोकं जाड आहेत की नाही. गोल बाजारात सुपं-टोपल्या विकायला बसणारी एक बाई तर त्यांना ज्योतिषीच समजत होती. आम्ही दोघं काहीतरी घ्यायला गेलो होतो, तेव्हा तिनं आपणहून हात पुढे केला आणि विचारलं, मुलाचं लग्न कधी होईल?

"लगीन-बिगीन मले नाही समजत," सर शांतपणे म्हणाले, आणि मग तिच्या भाषेत, "तोर लइका का करथे, तेन बता."

तुझा मुलगा काय करतो ते सांग. बाई बिचारी हिरमुसली. पण पुढच्या सत्रात तिचा मुलगा आमच्या संस्थेत होता, हे सांगायलाच हवं.

ती बाई कमार होती. गरियाबंदच्या पलीकडे जंगलात हे आदिवासी राहतात, आणि बांबूचं काम हा त्यांचा पिढीजात धंदा. सरांचा त्यांच्या हातांवर फार जीव. "हे लोक सुरीनं बांबूची कमची सोलतात न, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जाडीची निघते," ते सांगत. "तेच तर लेथवर करायचं आहे. माह्या वर्गातल्या शहरातल्या पोट्ट्याचं अर्धं वर्ष हात हलकं करण्यात जाते. यायचे हात हलके करूनच आईनं पाठवले." बोलताना त्यांचा स्वतःचा हात हवेत अदृश्य सुरी चालवत असायचा.

संस्थेतलं शिक्षण झालं की मुलांना कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लावायचं. तिथे कारागिरांच्या हाताखाली उमेदवारी केली, परीक्षा दिली, की टर्नर म्हणून नोकरीची वाट मोकळी. हे बोलायला सोपं. कारखानेवाले या मुलांना घ्यायला तयार नसत, आणि घेतलं तर मुलं पळून जात. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतच जात. भोंगा वाजला, फाटक उघडलं, की जंगलातलं पोरगं जे चालायला लागायचं ते थेट घराच्या दिशेनं. म्हणून सर नव्या मुलांच्या पहिल्या दिवशी रजा टाकून फाटकासमोरच्या टपरीवर बसून राहत. पोरगं बाहेर आलं की त्याला चहा पाजत, इकडचं तिकडचं विचारत, आणि खांद्यावर हात ठेवून परत फाटकात सोडून येत. मी त्यांना चिडवायची, "सर, बालवाडीच्या बायकासुद्धा एवढं करत नाहीत." ते म्हणायचे, "बालवाडीतल्या लेकराले घर जवळ असते, मॅडम."

एका सुपरवायझरनं एकदा त्यांना तोंडावर सांगितलं, "सर, ये जंगली लोग हैं. मशीन तोड़ देंगे."

"तोड़ेंगे तो जोड़ भी लेंगे," सर म्हणाले. "आपसे टूटती है तो आप मेकॅनिक बुलाते हैं."

त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये या मुलांना आत बसू देत नाहीत, बाहेर नळापाशी बसून खावं लागतं, हे कळल्यावर सर डबा घेऊन गेले आणि नळापाशी त्यांच्या पंगतीला बसले. भांडण नाही, भाषण नाही. रोज जाऊन बसायचे. आमचे प्राचार्य वैतागले, कारखान्याचा मॅनेजर ओशाळला, आणि शेवटी एक दिवस कुणीतरी येऊन सगळ्यांनाच आत बोलावून नेलं. सरांना विचारलं, एवढा हट्ट कशाला? तर म्हणाले, "मी कायचा हट्ट करतो? मले भूक लागली होती."

आता मागण्याचं सांगते. पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं, आणि त्या दिवशी गावातली पोरंसोरं, मोठी माणसंसुद्धा टोपल्या घेऊन दारोदार धान मागत हिंडतात. मागण्यात कमीपणा नाही आणि दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, अशी ती रीत. सरांनी नेमका हा दिवस धरला होता. रिकामी टोपली घेऊन ते कमारांच्या वस्तीत जात, दारात उभे राहत, आणि घरातली बाई सुपात धान घेऊन आली की हात आडवा करून म्हणत, "धान नइ चाही, दाई. लइका दे." धान नको, लेकरू द्या.

पहिल्या वर्षी बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि टोपलीत धानच ओतलं. सर ते घेऊन घरी आले. काकूंनी ते कांडून घेतलं आणि आम्हा सगळ्यांना त्या तांदळाची खीर घातली. पुढल्या वर्षी दोन पोरं मिळाली, मग आणखी. मग ती एक रीतच पडून गेली. ज्या दिवशी सगळे धान मागतात त्या दिवशी एक अर्ध्या बाह्यांचा म्हातारा पोरं मागायला येतो, हे त्या भागात सगळ्यांना माहीत झालं.

"पण याच दिवशी काहून, सर?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं होतं.

"आज कोणी नाही म्हणत नाही, मॅडम," ते डोळे मिचकावून म्हणाले. "भीती वाटते हो त्यायले शहराची. या दिवसानं थोडा धक्का बसते. एकदा आले का मग पाहून घेतो मी."

एका वर्षी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. कोसमपारा नावाची लहानशी वस्ती, साल-महुआच्या झाडीत. शेवटच्या घरी बिसाहू नावाचा माणूस अंगणात बांबू सोलत बसला होता, आणि त्याच्या शेजारी त्याचा मुलगा. मुलाचं नाव दुकालू; दुष्काळात जन्मलेल्याला तिकडे हेच नाव ठेवतात. दुकालूच्या सुरीखालून निघणारी कमची उन्हात धरली तर पलीकडचं दिसावं अशी. सर ती बघत उभेच राहिले. मग त्यांनी आपलं नेहमीचं मागणं मागितलं.

बिसाहूनं सुरी खाली ठेवली. आत गेला, सूपभर कोदो, तिकडचं भरड धान्य, घेऊन आला आणि टोपलीत ओतला. सर हसत म्हणाले, हे नाही बाबा. बिसाहूनं एकदा दाराकडे पाहिलं. दारात त्याची बायको होती, आणि तिच्यामागे मंगली, दुकालूची धाकटी बहीण. मग बिसाहू मुलाला एवढंच म्हणाला, "जा." दुकालू उठला, हात झटकले, घरातून एक गमछा घेतला आणि आमच्यामागे चालायला लागला.

परतीच्या बसमध्ये सरांच्या आनंदाला पारावार नव्हता. "पाहिलं न मॅडम? एका शब्दानं नाही म्हटलं नाही माणसानं. समजदार आहे." दुकालू खिडकीशी बसून बाहेर बघत होता. मीही आनंदात होते. तो दिवस होताच तसा.

दुकालू म्हणजे सरांच्या आयुष्यभराच्या म्हणण्याचा पुरावा निघाला. इतरांना महिने लागत ते त्याला आठवड्यात जमे. लेथवर त्यानं घेतलेल्या कापातून लोखंडाचा कीस एकसंध लांबच लांब निघे, आणि सर तो उचलून आम्हाला दाखवायला स्टाफरूममध्ये घेऊन येत, हात काळे करून, माझ्या ड्रॉइंगच्या कागदांवर डाग पाडून. मी ओरडले की म्हणत, "डाग राहू द्या, मॅडम. उद्या हा मोठा कारागीर झाला तर विकता येईन तो कागद."

बोलायचा मात्र तो फार कमी. विचाराल त्याला "हव" म्हणायचा. छत्तीसगडीत हव म्हणजे हो. जेवलास का? हव. समजलं का? हव. घरची आठवण येते का? हव. इथे बरं वाटतं का? हव. सर कौतुकानं म्हणत, तक्रारच नाही पोट्ट्याची.

शिक्षण संपलं आणि सरांनी त्याला शहराबाहेरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात अप्रेंटिस लावलं. पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे टपरीवर जाऊन बसले. जेवणाच्या सुट्टीत दुकालू पळाला नाही, बाहेरसुद्धा आला नाही. संध्याकाळी सर विजयी मुद्रेनं गल्लीत शिरले ते मी माडीवरून पाहिलं.

पुढे सर दर शनिवारी फाटकाशी त्याला भेटायला जात. थंडी सुरू झाली तशी त्यांना एक गोष्ट खटकू लागली. दुकालूच्या हातांना तेलाचा वास येत नव्हता. नखांत, कानांत, मानेच्या वळ्यांत कोळशाची काळी पूड होती. लेथवर काम करणाऱ्या मुलाच्या अंगावर ती कुठून येणार? भट्टीकडे माणसं कमी पडत होती, म्हणून शिकाऊ पोरांना तिकडे जुंपलं होतं. सर मॅनेजरकडे गेले. मॅनेजर म्हणाला, "दो-चार दिन की बात है, सर." सर परत परत गेले. दो-चार दिन संपेचनात.

एका संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या पायऱ्यांवर येऊन बसले. "काढून घेऊ का त्याले तिथून?" मला विचारत होते की स्वतःला, कळेना. "परीक्षा तोंडावर आली. आत्ता काढलं तर सगळं वाया जाते. आज त्याले विचारलं, राहतं का रे इथं? म्हणे हव. मग विचारलं, घरी जातं का? म्हणे हव. मी काय समजू, मॅडम?"

मी म्हटलं, तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त समजतं, तुम्हीच ठरवा. त्यांनी ठरवलं की परीक्षा होऊ द्यायची.

परीक्षेच्या आधीच एके दिवशी भट्टीला कोळसा नेणाऱ्या पट्ट्याखाली काहीतरी अडकलं. ते काढायला दुकालूला पाठवलं, आणि पट्टा बंद केला नाही. संस्थेत फोन आला तेव्हा मी तिथेच होते. पलीकडचा माणूस घाईघाईनं सांगत होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कमीज की बाँह कैसी थी?"

पलीकडून बहुधा उत्तर आलं की कंपनीचा गणवेश पूर्ण बाह्यांचा असतो. सरांनी फोन ठेवला आणि टेबलाची कड धरून उभे राहिले. त्यांना बसवायला गेले तर बसेनात.

दुकालूचा देह घेऊन आम्ही कोसमपाऱ्याला गेलो. सर सगळा रस्ता त्याच्याशेजारी गाडीत खाली बसून होते. वस्तीतल्या लोकांनी झाडीत खड्डा खणला. दुकालूची आई मोठ्यानं रडली, बायका रडल्या, मंगली आईला धरून होती. बिसाहू रडला नाही. तो माती लोटत राहिला. सगळं आटोपल्यावर सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना शिव्या हव्या होत्या, मार हवा होता, ते मला स्पष्ट दिसत होतं. बिसाहूनं काहीच दिलं नाही. उलट त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी आणवलं.

पाणी तसंच हातात धरून सरांनी विचारलं, "बिसाहू, ओ दिन तैं नइ काबर नइ केहे?" त्या दिवशी तू नाही का म्हटलं नाहीस?

बिसाहूला प्रश्नच समजला नसावा. त्यानं सरांकडे चकित होऊन पाहिलं आणि एखाद्या परक्याला रीत समजावून सांगावी तसं हलक्या आवाजात म्हणाला, "छेरछेरा के दिन नइ थोरे कहे जाथे, साहेब."

छेरछेऱ्याच्या दिवशी नाही थोडंच म्हणतात. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. आणि मी सरांकडे पाहिलं तेव्हा हा इतका बोलका माणूस तांब्याच्या पाण्यात बघत होता, जणू तिथे कुणीतरी बुडत होतं. इतकी वर्षं ज्याला ते होकार समजत होते तो होकार नव्हता. दुकालूलाही बापानं देऊन टाकलं होतं, म्हणून तो सगळ्याला हव म्हणत होता. मला हे बसमध्ये परतताना हळूहळू उमगलं. सरांना तिथे, त्या अंगणातच कळलं होतं.

कारखान्यानं आपल्या रीतीनं प्रकरण मिटवलं, चौकशी झाली, पट्ट्याशेजारी एक सूचनेची पाटी लागली. मला त्या पाटीचा अजून राग येतो. सर पुन्हा वर्गावर आले, पण पाहिलं तर मुलांचे हात धरणं बंद झालेलं. स्वतःचे हात खिशात. जे शिकवायचं ते शिकवत, वेळेवर येत, वेळेवर जात. तुमच्या-आमच्यासारखे मास्तर झाले. पुढल्या छेरछेऱ्याला गल्लीतली पोरं टोपल्या घेऊन त्यांच्या दारी आली तर दाराला आतून कडी. काकूंनी मागच्या दारानं येऊन पोरांच्या टोपल्यांत धान घातलं. ज्या पोरांना सरांनी पूर्वी आणलं होतं, ज्यांची आता घरं होती, बायका-मुलं होती, ती दिवाळीला मिठाई घेऊन येत. सर पाठीमागच्या खोलीत जाऊन बसत आणि काकू सांगत, झोपले आहेत.

मी समजावलं. ही पोरं बघा, म्हटलं, हीही त्याच दिवशी मागून आणलेली, आणि आज सुखात आहेत. ते म्हणाले, "त्यायच्या बापानंही कधी नाही म्हटलं नव्हतं, मॅडम. माहं नशीब का त्यायच्या वेळी मशीन बंद होती."

आणि मग मंगली आली. प्रवेशाचे दिवस होते. मी कामात मान खाली घालून होते, तर टर्नर वर्कशॉपच्या दारात एक मुलगी केव्हाची उभी. तिला मी नाकाच्या ठेवणीवरून ओळखलं. एकटी आली होती, बस बदलत, विचारत विचारत. सर तिला बघून पांढरे पडले. ती सरळ त्यांच्यापाशी गेली आणि तिनं सांगितलं की तिला भावाचं काम शिकायचं आहे. सर म्हणाले, घरी जा. ती हलली नाही.

"भाई ला ददा दे रिहिस," ती म्हणाली. "मैं अपन मन ले आए हंव."

भावाला बापानं दिलं होतं. मी माझ्या मनानं आले आहे. यापेक्षा साफ शब्दांत कुणी काय सांगणार? सरांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि बंद पडलेल्या लेथला फडकं मारत राहिले. लेथ स्वच्छच होता.

त्या दिवशी मी सरांशी जन्मात भांडले नाही तशी भांडले. म्हटलं, आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन मागितलंत, आज कुणीतरी स्वतःच्या पायांनी तुमच्या दारात आलंय तर तुम्ही तोंड फिरवता? हा न्याय आहे का?

"एकाच घरी दोनदा मागाले नाही जात कोणी," ते म्हणाले.

"तुम्ही कुठे मागताय? ती मागतेय."

त्यांनी हातातलं फडकं घडी करून लेथवर ठेवलं. मग म्हणाले, "मले तिची बाही दिसून राहिली, मॅडम." त्यांचा आवाज असा होता की माझं भांडण तिथेच संपलं.

विभागप्रमुख तेच, त्यांच्या संमतीशिवाय टर्नरला जागा नाही. मी मंगलीला शिलाईच्या वर्गात घ्यायला लावते म्हटलं. तिनं मान हलवली. तिला शिलाई नको होती. माझ्या डब्यातली पोळी खाल्ली, दीदी म्हणून नमस्कार केला आणि गेली. टर्नरला दुसरे शिकवणारे नव्हते, दुसरी संस्था तिला माहीत नव्हती. पुढे बरेच दिवस तिचं काय झालं हे मला कळलं नाही. सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल घातली तर त्यांनी ती लगेच काढून घडी करून मांडीवर ठेवली.

मग माझी बदली ठरली. जाण्याआधीच्या एका रविवारी मी शहराबाहेर शेतांत नवी राजधानी उठत होती तिकडे, एका नातेवाइकांच्या घराची जागा बघायला गेले. रुंद रुंद रिकामे रस्ते, लावून वर्षही न झालेली झाडं, आणि दोन्ही बाजूंना बांधकामं. तिथे एका झाडापाशी सर उभे दिसले. झाड त्यांच्या कमरेएवढं होतं, सावली कुठली असायला. ऊन रणरणत होतं. हातात कापडी पिशवी.

"इकडे कुठे, सर?"

ते दचकले. मग हनुवटीनं रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे खूण केली. इमारतीला बांबूची परांची बांधली होती, आणि बाया डोक्यावर घमेली घेऊन तिच्यावरून चढत होत्या. वर दुसऱ्या मजल्याशी वळत होती ती मंगली. हाताशी कठडा नव्हता.

"दर रविवारी येतो," सर म्हणाले. "घरी तुमच्या काकूले नका सांगू. तिले वाटते मी भजनाले जातो."

त्यांनी पिशवीतून एक पिवळं हेल्मेट काढलं, नवंकोरं, वरचा कागदही न काढलेलं. "तिले देता का? बम्म दिवसांपासून घेऊन फिरून राहिलो. माह्यं नाव नका घेऊ. तुमच्याकडून द्या."

मी रस्ता ओलांडला. मंगली रिकामं घमेलं घेऊन खाली आली तेव्हा तिनं मला लगेच ओळखलं. हेल्मेट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. ते तिथे येतात हे तिला ठाऊक होतं. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला मी, पण नव्हता. तिनं डोक्यावरच्या चुंबळीवरच हेल्मेट ठेवून बघितलं. ते डगमगलं. बरोबरच्या बाया हसल्या, तीही हसली. मग तिनं ते काढून माझ्या हातात दिलं आणि अगदी खरोखरीचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "ये ला पहिर के धमेला कहाँ रखहूं, दीदी?"

हे घातलं तर घमेलं कुठे ठेवू? तिनं चुंबळ नीट केली, खाली वाकली, दुसऱ्या बाईनं तिच्या डोक्यावर भरलेलं घमेलं चढवलं, आणि ती परांचीकडे चालू लागली.

सरांनी सगळं पाहिलं होतं. मी हेल्मेट त्यांच्या हातात परत दिलं आणि तिचं म्हणणं सांगितलं. ते ऐकून त्यांनी हळूच मान हलवली.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. मग म्हणाले, "लेथवर असती तर दोन्ही पाय जमिनीवर असते, मॅडम."

शहराकडे जाणारी बस आली. मी म्हटलं, चला सर, बरोबर जाऊ. त्यांनी नको म्हणून हात हलवला, डोळे वरच. मी बसले आणि बस सुटेपर्यंत त्यांना बघत राहिले. त्यांनी हेल्मेट दोन्ही हातांत छातीशी उलटं धरलं होतं. वर मंगली वळणावर आली, तिचा पाय बांबूवर पडला, तसे सर नकळत एक पाऊल पुढे सरकले आणि हात थोडे उंच केले. ती आत गेली तेव्हा ते परत मागे आले. मग ती रिकामं घमेलं घेऊन पुन्हा खाली येऊ लागली, आणि सर पुन्हा पुढे सरकले.